नॉब फिरवल्यावर काय व्हावे : इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या नियंत्रणांची आखणी

इलेक्ट्रॉनिक तंबोरा, तालयंत्र किंवा लहानसा सिंथेसायझर घरी बांधणाऱ्यांचे सगळे लक्ष बहुधा ध्वनी कसा निर्माण होतो याकडे असते, आणि नॉबचा विचार पेटीला भोके पाडण्याच्या दिवशी सुरू होतो. वाजवणाऱ्याचा किंवा गाणाऱ्याचा आतल्या चिपशी कधीच संबंध येत नाही. त्याचा संबंध येतो तो नॉबशी. आवाज उत्तम असूनही एखादे यंत्र हाताला वैताग आणते, याचे कारण शोधू गेल्यास ते बहुतेक वेळा एकच निघते : नॉब किती फिरवला आणि कानाला किती बदल जाणवला यांचा मेळ बसलेला नसतो. पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून अशी यंत्रे बांधणारे विद्यार्थी आणि हौशी मंडळी बरीच आहेत. त्यांच्यासाठी हा मेळ कसा बसवावा, हे येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः तालयंत्राची आणि तंबोऱ्याची घेतली आहेत, कारण रियाजाच्या खोलीत तीच यंत्रे असतात; सिंथेसायझरचे नियम त्यांहून वेगळे नाहीत.

मूळ सूत्र असे की, नॉब सारख्याच कोनातून फिरवला तर कानाला जाणवणारा फरकही सारखाच असावा, मग नॉब त्या वेळी कोणत्याही जागी असो. कानाची मोजपट्टी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. १०० हर्ट्झवरून २०० हर्ट्झवर जाणे आणि १,००० हर्ट्झवरून २,००० हर्ट्झवर जाणे या दोन्ही क्रिया कानाला एकाच मापाच्या, म्हणजे एकेका सप्तकाच्या वाटतात, जरी पहिल्या उडीत १०० हर्ट्झचा आणि दुसऱ्या उडीत १,००० हर्ट्झचा फरक असला तरी. आवाजाच्या मोठेपणाचे आणि लयीचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. म्हणून नॉबच्या वळणाला थेट हर्ट्झ, मिलिसेकंद किंवा व्होल्ट जोडणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग होय.

लयीचा नॉब

तालयंत्राच्या लयीपासून सुरुवात करावी, कारण येथे हिशेब डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतो. साधा नॉब घड्याळातील सातच्या जागेपासून पाचच्या जागेपर्यंत, म्हणजे साधारण ३०० अंश फिरतो. समजा, यंत्रात मिनिटाला १५ मात्रांच्या अतिविलंबितापासून ४८० मात्रांच्या अतिद्रुतापर्यंतची लय हवी आहे. रेषीय जोडणी केल्यास प्रत्येक अंशाला १.५५ मात्रांची भर पडते. परिणामी १५ ते ३० हा संपूर्ण विलंबित प्रदेश जेमतेम दहा अंशांत गुंडाळला जातो आणि २४० ते ४८० या एका दुपटीला नॉबचे निम्म्याहून अधिक वळण मिळते. ख्याल गाणाऱ्याला जेथे एकेका मात्रेचा विचार करायचा असतो तेथे बोट जरा थरथरले की लय पाचव्या हिश्श्याने बदलते, आणि जेथे कोणी फारसे फिरकत नाही तेथे मात्र मोकळे मैदान पसरलेले असते.

आता घातांकी जोडणी पाहावी. १५ ते ४८० या पट्ट्यात बरोबर पाच दुपटी आहेत : १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८०. ३०० अंशांत पाच दुपटी, म्हणजे दर ६० अंशांना एक दुप्पट. नॉब कोठेही असला तरी ६० अंश पुढे फिरवला की दुगुन मिळते आणि तेवढाच मागे घेतला की लय निम्मी होते. हाताची चूक दोन अंशांची धरली तर लयीतील चूक सगळीकडे सारखीच, सुमारे २.३ टक्के राहते. विलंबितात ती अर्ध्या मात्रेहूनही कमी भरते. सूत्र लहानच आहे : नॉबचे स्थान ० ते १ या मापात घ्यावे, कमाल आणि किमान यांच्या गुणोत्तराला त्या स्थानाचा घात द्यावा आणि आलेल्या संख्येला किमान मूल्याने गुणावे. येथे गुणोत्तर ३२ आहे. मध्यावर ३२ चे वर्गमूळ ५.६६, त्याला १५ ने गुणले की सुमारे ८५ मात्रा. मध्यलयीचा नॉब बाराच्या ठोक्यावर उभा राहतो, आणि असाच तो राहायला हवा. लहान मायक्रोकंट्रोलरवर घात काढणे जड जात असेल तर ६५ बिंदूंची सारणी आधीच तयार करून ठेवावी आणि दोन बिंदूंमधले मूल्य सरळ रेषेने काढावे. लयीसाठी तेवढी अचूकता पुरते.

हेच सूत्र सिंथेसायझरच्या एन्व्हलपला, म्हणजे स्वर कसा चढतो आणि विरतो याच्या आखणीला, लागू पडते. अटॅकचा, म्हणजे स्वर पूर्ण चढण्याचा, काळ १ मिलिसेकंदापासून १० सेकंदांपर्यंत ठेवून रेषीय जोडणी केली तर पहिले १०० मिलिसेकंद नॉबच्या तीन अंशांत संपतात, आणि झटक्यात उमटणारा स्वर व हळूच फुलणारा स्वर यांतला सगळा फरक त्या तीन अंशांतच असतो. घातांकी जोडणीत १०० मिलिसेकंद बरोबर मध्यावर येतात. फिल्टरच्या कटऑफचेही, म्हणजे ज्या कंपनसंख्येपुढचा ध्वनी तो कापतो तिचेही, तसेच : २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हा पट्टा रेषीय ठेवल्यास मध्यबिंदू १०,०१० हर्ट्झवर पडतो आणि नॉबचा उजवा अर्धा भाग केवळ शेवटच्या सप्तकावर खर्च होतो, घातांकी ठेवल्यास मध्य ६३२ हर्ट्झवर येतो, जो मानवी आवाजाच्या ऐन वस्तीत आहे. ॲनालॉग सिंथेसायझरच्या जगात रॉबर्ट मूग यांनी दर सप्तकाला एक व्होल्ट हे माप रूढ केले, त्यामागे हाच हिशेब होता. घातांकाचे काम सर्किटने केल्यामुळे त्या यंत्रांत नॉबखाली साधा रेषीय पॉट (पोटेन्शियोमीटर, म्हणजे दांडा फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) चालू शकला.

पट्टीचा नॉब

तंबोऱ्याच्या पट्टीचा नॉब हा सर्वांत अवघड. येथे वक्र घातांकी घेतल्याने काम संपत नाही. प्रश्न बारकाव्याचा असतो. एका सप्तकात १,२०० सेंट असतात. ते ३०० अंशांत बसवले तर अंशाला ४ सेंट पडतात. मध्यम आकाराचा नॉब बोटांच्या चिमटीत धरून दीड-दोन अंशांपेक्षा बारीक बसवणे सामान्य हाताला कठीण असते, म्हणजे सुरात आठ सेंटांपर्यंत चूक राहणार. लागोपाठ ऐकलेल्या दोन सुरांत पाच सेंटांच्या आसपासचा फरक सरावलेल्या कानाला कळतो. तंबोऱ्याशेजारी हार्मोनियम किंवा दुसरा तंबोरा चालू असेल तर त्याहून कितीतरी लहान फरक विस्पंदांच्या, म्हणजे आवाजाच्या लाटेसारख्या चढउतारांच्या, रूपाने उघडा पडतो. काळी चारचा षड्ज २०७.६५ हर्ट्झचा धरला तर आठ सेंटांच्या फरकाने सेकंदाला जवळजवळ एक विस्पंद ऐकू येतो, म्हणजे दोन तंबोरे एकमेकांशी उघड भांडत राहतात.

यावरचा उपाय काम दोघांत वाटून देणे हा आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या रोटरी स्विचमध्ये ३० अंशांच्या अंतराने बारा जागा असतात आणि आपल्याला बाराच पट्ट्या हव्या असतात. पांढरी एकपासून पांढरी सातपर्यंतच्या सर्व पट्ट्या त्यावर बसवाव्यात आणि शेजारी बारीक जुळवणीचा स्वतंत्र नॉब ठेवावा. त्या नॉबचा पल्ला दोन्ही बाजूंना ५० सेंट ठेवला तर शेजारच्या पट्ट्यांच्या सीमा एकमेकींना जेमतेम टेकतात. ज्या हार्मोनियमचा सूर नेमका दोन पट्ट्यांच्या मधोमध आहे, त्याच्याशी जुळवताना नॉब नेहमी टोकाला जाऊन अडतो. आणि जुन्या हार्मोनियमचा सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशेबाशी जुळेलच असे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून पल्ला दोन्ही बाजूंना ६० सेंट ठेवावा. ३०० अंशांत १२० सेंट म्हणजे अंशाला ०.४ सेंट, हाताची दोन अंशांची चूक आता ०.८ सेंट भरते आणि वरच्याच उदाहरणात विस्पंद दहा सेकंदांतून एकदा येतो. गाणाऱ्याला तो ऐकू येण्याआधी तान संपलेली असते.

या नॉबला मध्य असतो, आणि मध्य असलेल्या प्रत्येक नॉबची एक खोड असते. मध्यावर खट्कन बसणारा पॉट घेतला तरी तो ज्या जागी बसतो तेथे विद्युत मूल्य नेमके निम्मे असेलच असे नाही. निर्मितीत थोडा फरक चालवून घेतला जात असल्यामुळे ते दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. मग नॉब शून्यावर दिसतो आणि सूर दोन सेंट चढलेला असतो. यासाठी मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडा निष्क्रिय पट्टा ठेवावा आणि त्या पट्ट्यात मूल्य सक्तीने शून्य धरावे. मात्र पट्टा ओलांडताच मूल्याने उडी मारू नये, यासाठी पट्ट्याची रुंदी वजा करून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करावी आणि टोकाला पूर्ण ६० सेंट भरतील अशा प्रमाणात ती ताणावी. ही वजाबाकी करायची राहिली तर नॉब मध्यातून बाहेर पडताना सूर टुणकन उडतो, आणि गाणाऱ्याला यंत्रात काही तरी बिघाड आहे अशी खात्री पटते.

मध्याजवळ आणखी बारकावा हवा असल्यास वक्र थोडा वाकवावा. केवळ घन वक्र (मूल्य स्थानाच्या तिसऱ्या घाताप्रमाणे) घेतला तर मध्य इतका मंद होतो की नॉब फिरवूनही काही घडत नाही असे वाटते. माझ्या मते निम्मा रेषीय आणि निम्मा घन असे मिश्रण उत्तम : मध्याजवळ अंशाला ०.२ सेंट, टोकाजवळ ०.८ सेंट, आणि दोन्हींच्या मधे कोठेही धक्का नाही. दहा फेऱ्यांचा पॉट घेऊन संपूर्ण सप्तक एकाच नॉबवर बसवण्याचा मार्गही आहे, आणि त्यातही अंशाला एक तृतीयांश सेंट एवढा बारकावा मिळतो. पण तो महाग पडतो आणि नॉब कोणत्या फेरीत आहे हे पाहून कळत नाही. मैफलीपूर्वीच्या गडबडीत जे पाहून कळत नाही ते नसल्यासारखेच असते.

पहिल्या तारेसाठी पंचम, मध्यम की निषाद ही निवड आहे, तेथे नॉब नकोच. तीन जागांचा स्विच लावावा.

आवाजाचा नॉब आणि दुकानातला पॉट

आवाजासाठी लॉग पॉट वापरतात हे सर्वांना ठाऊक असते, पण हातात आलेला पॉट खरोखर लॉग आहे की नाही हे तपासणारे थोडे. आजकालच्या बहुतेक पॉटवर ‘बी’ हे अक्षर रेषीयसाठी आणि ‘ए’ हे लॉगसाठी असते. तथापि जुन्या युरोपीय मालावर या अक्षरांचा अर्थ उलटाही सापडतो आणि तपकीर गल्लीच्या खोक्यांत दोन्ही प्रकार शेजारी नांदत असतात. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा मल्टिमीटर सोबत न्यावा. बाहेरच्या दोन पायांमधला एकूण रोध मोजावा, दांडा अंदाजे मध्यावर ठेवावा आणि मधला पाय व डावीकडे पूर्ण फिरवल्यावर ज्याच्याशी रोध शून्य होतो तो पाय यांमधला रोध पाहावा. तो एकूण रोधाच्या निम्मा भरला तर पॉट रेषीय. १० ते १५ टक्के भरला तर लॉग. स्वस्त लॉग पॉटमध्ये खरा लॉग वक्र नसतो, दोन सरळ रेषा एका बिंदूत जोडलेल्या असतात, आणि नॉब सावकाश फिरवल्यास तो सांधा कानाला कळतोसुद्धा. डाव्या-उजव्या आवाजासाठी एकाच दांड्यावर बसवलेल्या दुहेरी लॉग पॉटच्या दोन बाजू खालच्या टोकाला एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून आवाज अगदी कमी केला की तो एका कानाकडे सरकतो.

यंत्र डिजिटल असेल तर ही सगळी कटकट टाळता येते : पॉट सरसकट रेषीय घ्यावा आणि वक्र सॉफ्टवेअरमध्ये काढावा. आवाजासाठी नॉबच्या स्थानाचा घन हा साधा आणि हाताला पटणारा वक्र आहे. त्यात मध्यावर आवाज कमालपेक्षा १८ डेसिबलने खाली असतो, दहाव्या हिश्श्यावर ६० डेसिबलने खाली, आणि शून्यावर खरोखर शून्य होतो. डेसिबलमध्ये अगदी काटेकोर रेषीय असा वक्र घेण्याचा मोह होतो, पण तो शून्याला कधीच पोहोचत नाही; नॉब पूर्ण बंद करूनही शांत खोलीत तंबोरा कुजबुजत राहतो. रेषीय आवाजाचा नॉब मात्र लगेच ओळखू येतो : पहिल्या पाव वळणात सगळा आवाज येऊन बसतो आणि उरलेले वळण केवळ शोभेपुरते उरते.

मूल्य वाचणे

वक्र बरोबर असूनही नॉब थरथरत असेल तर सर्व श्रम वाया जातात. पॉट १० किलोओहमचा घ्यावा. १०० किलोओहमचा पॉट घेतल्यास एडीसीला (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाला) पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि वाचन डळमळते. पॉटच्या वरच्या टोकाला तोच व्होल्टेज द्यावा जो एडीसी संदर्भ म्हणून वापरतो, म्हणजे वीजपुरवठा थोडा हलला तरी दोन्ही बाजू बरोबरच हलतात आणि वाचनात फरक पडत नाही. मधल्या पायापासून सर्किटच्या ग्राउंडपर्यंत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या अगदी जवळ लावावा. आर्डुइनो उनोवर १० बिटांची, म्हणजे १,०२४ पायऱ्यांची मोजणी मिळते. १२ बिटांच्या चिपवर ४,०९६ पायऱ्या मिळतात. ईएसपी-३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप स्वस्त आणि लोकप्रिय असली तरी तिच्या एडीसीची रेषा दोन्ही टोकांना वाकते, तेव्हा पट्टीच्या नॉबसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये किंवा बाहेरून वेगळा एडीसी जोडावा. वाचनात अंगचा थोडा खरखराट असेल तर सोळा वाचनांच्या बेरजेतून साधारण दोन बिटांची अधिक अचूकता मिळवता येते.

दोन्ही टोकांचे एक-दोन टक्के सोडून द्यावेत. पॉट पूर्ण फिरवला तरी वाचन बरेचदा ० किंवा ४,०९५ पर्यंत पोहोचत नाही, आणि मग बंद केलेला आवाज बंद होत नाही. वाचन ४० च्या खाली गेले की ते शून्य आणि ४,०५५ च्या वर गेले की कमाल, असे धरून मधला भाग ताणून घ्यावा.

यानंतर गुळगुळीतपणा. नॉबचे प्रत्येक नवे मूल्य थेट ध्वनीला लावले तर लहान पायऱ्यांची करकर ऐकू येते, जिला झिपर नॉइज म्हणतात. त्यासाठी चालू मूल्य एकदम बदलू नये. लक्ष्य आणि चालू मूल्य यांतील फरकाचा ठरावीक हिस्सा दर वेळी चालू मूल्यात मिळवत जावे. सेकंदाला हजार वेळा हिशेब होत असेल आणि हा हिस्सा ०.०५ धरला तर सुमारे २० मिलिसेकंदांचा काळ मिळतो, ज्यात करकर जाते आणि हाताला विलंबही जाणवत नाही. हा हिस्सा फार लहान केला, म्हणजे काळ शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर नेला, की नॉब तेलात बुडाल्यासारखा जड वाटू लागतो; वाजवणारा पुढे जातो, आवाज मागून येतो, मग तो परत फिरवतो आणि आवाज तोवर भलतीकडे पोहोचलेला असतो. गुळगुळीत करण्याचे काम सेंटांवर किंवा दुपटींवर करावे, हर्ट्झवर नव्हे. नाही तर वर जाताना आणि खाली येताना सरकण्याचा डौल वेगळा पडतो. नॉब स्थिर असताना एक-दोन पायऱ्यांची थरथर दुर्लक्षित करावी, पण हात फिरू लागला की ते दुर्लक्ष ताबडतोब सोडावे. ही शेवटची अट विसरली जाते, आणि मग सावकाश फिरवलेला नॉब अडखळत चालतो.

संगणकाशी जोडायचे असल्यास मिडीच्या, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातील संदेशपद्धतीच्या, मर्यादा आधीच ओळखाव्यात. १९८३ साली आलेल्या या पद्धतीत नॉबचा साधा संदेश सात बिटांचा, म्हणजे ० ते १२७ अशा १२८ मूल्यांचा असतो. एवढ्या पायऱ्यांत २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ बसवले तर एकेक पायरी जवळजवळ अर्ध्या स्वराची होते, आणि रेझोनन्स (कटऑफजवळच्या सुरांचा उठाव) वाढवलेला फिल्टर सावकाश उघडताना त्या पायऱ्या जिन्यासारख्या मोजता येतात. तंबोऱ्याचे संपूर्ण सप्तक एवढ्यांत बसवले तर पायरी ९.४ सेंटांची, म्हणजे निरुपयोगी. मिडीतच दोन संदेश जोडून १४ बिटांची, १६,३८४ मूल्यांची सोय आहे, ती वापरावी. २०२० साली जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये नियंत्रणांना ३२ बिट मिळतात, पण समोरचे यंत्र ते समजणारे असले पाहिजे. काही जमले नाही तरी मूल्य स्वीकारणाऱ्या बाजूला वर सांगितलेला गुळगुळीतपणा लावावा. त्याने निम्मे दुखणे कमी होते.

जतन केलेली जुळणी आणि नॉबची खरी जागा

१९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरमध्ये नॉब दाखवतो तेच मूल्य, असा रोखठोक कारभार होता. १९७८ च्या प्रॉफेट-५ सारख्या यंत्रांत मायक्रोप्रोसेसर आणि जुळण्या जतन करण्याची सोय आली, आणि तिच्याबरोबर हा तिढाही आला : काल जतन केलेल्या जुळणीत आवाज वीस टक्के आहे, नॉब मात्र आज नव्वद टक्क्यांवर उभा आहे. आता गायिकेने नॉबला नुसता स्पर्श केला तर काय व्हावे? मूल्य ताबडतोब नव्वदवर उडी मारू शकते. किंवा नॉब जतन केलेल्या मूल्यावरून ओलांडून जाईपर्यंत यंत्र गप्प राहू शकते. किंवा नॉब उरलेल्या वळणात मूल्याला उरलेल्या अंतराच्या प्रमाणात हलवू शकतो, म्हणजे दोघे टोकाला एकत्र पोहोचतात. आवाज आणि पट्टी यांना पहिला मार्ग कधीही देऊ नये. भरल्या सभागृहात त्याचे परिणाम सांगण्याची गरज नाही. दुसरा मार्ग सुरक्षित आहे, पण नॉब फिरवूनही काही होत नाही तेव्हा माणूस तो जोराने फिरवतो, म्हणून ‘मूल्य अजून सापडलेले नाही’ हे दाखवणारा एक दिवा जवळ हवाच. तिसरा मार्ग चालता कार्यक्रम सांभाळण्यासाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो, फक्त त्यात नॉबवरचे आकडे तात्पुरते खोटे असतात. लयीला मात्र पहिला मार्गही चालेल, बदल पुढच्या समेपासून लागू होणार असेल तर.

पॉटऐवजी न अडता फिरणारे, केवळ खटके मोजणारे एन्कोडर लावल्यास हा तिढाच उरत नाही, कारण त्यांना स्वतःची जागा नसते. एका फेरीत २४ खटके असणाऱ्या साध्या एन्कोडरवर १२८ मूल्ये पार करायला पाचाहून अधिक फेऱ्या लागतात, म्हणून वेगाने फिरवल्यावर मोठ्या आणि सावकाश फिरवल्यावर लहान पायऱ्या देणारी गती-व्यवस्था करावी लागते. ती सौम्य असावी. एकच मनगटाचा झटका कधी दहा तर कधी साठ मूल्ये पुढे नेत असेल तर हाताला त्या नॉबची ओळखच होत नाही. शिवाय मूल्य दाखवणारा पडदा किंवा दिव्यांचे कडे नसेल तर एन्कोडर आंधळा असतो. यादीतून राग निवडायला तो चांगला. बैठकीत पट्टी जुळवायला दांडा अडणारा, रेघ दाखवणारा साधा पॉट बरा.

पेटीवरची जागा आणि चाचणी

तंबोऱ्याची पेटी टेबलावर नसते, ती सतरंजीवर गुडघ्याजवळ असते आणि गाणारा तिच्याकडे वरून, तिरका पाहतो. नॉबवरची रेघ केवळ माथ्यावर असून चालत नाही. ती कडेवरूनही खाली उतरलेली असावी आणि काळ्या नॉबवर पांढरीच असावी. २० मिलिमीटर व्यासाच्या नॉबच्या कडेवर एका अंशाचे अंतर ०.१७ मिलिमीटर असते, ४० मिलिमीटरच्या नॉबवर ते दुप्पट होते. म्हणून बारीक जुळवणीचा नॉब पेटीवरचा सर्वांत मोठा असावा, आवाजाचा नव्हे. हल्लीच्या पेट्यांवर नेमके उलट दिसते. दोन नॉबच्या कडांमध्ये दोन बोटे मोकळी जातील एवढी जागा सोडावी. पावसाळ्यात दमट हवा आणि धूळ पॉटच्या पट्टीवर बसते आणि खरखर सुरू होते. आवाजाचा प्रवाह पॉटमधून थेट नेलेला नसेल, तर गुळगुळीतपणाच्या हिशेबात तिचा बराच भाग गिळला जातो. बंदिस्त अंगाचा पॉट मिळाला तर तोच घ्यावा.

शेवटी यंत्र अशा माणसापुढे ठेवावे, ज्याने ते बांधलेले नाही. हार्मोनियमवर काळी चार धरून ठेवावी आणि गाणाऱ्याला, काहीही न समजावता, तंबोरा तिच्याशी जुळवायला सांगावे. त्या वेळी कानापेक्षा त्याच्या हाताकडे पाहावे. नॉब योग्य जागेच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि हे चालूच राहते, तर नॉब फार तीव्र आहे. पल्ला कमी करावा किंवा नॉब मोठा बसवावा. बोटे सोडून पुन्हा पकड घ्यावी लागत असेल तर तो फार मंद आहे. एकदाच ओलांडून एकदाच परत येणे हे निरोगी लक्षण समजावे. नंतर नॉब मुद्दाम भलत्याच जागी फिरवून तीच कृती अनेकदा करवून घ्यावी आणि दर वेळी ट्यूनरवर किती सेंटांचा फरक राहिला ते टिपून ठेवावे. आकडे पाच सेंटांहून अधिक पसरलेले असतील तर दोष गाणाऱ्याच्या कानात शोधू नये. हीच चाचणी एकदा दिवे मंद करून आणि एकदा डाव्या हाताने करवावी, कारण उजवा हात बरेचदा खऱ्या तंबोऱ्यावर किंवा स्वरमंडलावर असतो. या चाचण्यांतून वक्राचे आकडे हमखास बदलतात, तेव्हा ते प्रोग्रामभर विखुरलेले न ठेवता प्रत्येक नॉबसाठी किमान, कमाल, वक्राचा प्रकार, मध्याचा निष्क्रिय पट्टा आणि गुळगुळीतपणाचा हिस्सा अशी एकेक ओळ एकाच सारणीत ठेवावी, आणि प्रोग्राम भरण्याचे भोक पेटीच्या मागच्या बाजूला उघडे सोडावे.